दाढेचा दाखला

धुळ्यात परवा व्हॅलिडिटीवर, म्हणजे जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीवर, चर्चा होती. खानदेशात नुसतं 'व्हॅलिडिटी' म्हटलं की पुरतं. कशाची, कुणाची, किती वर्षं अडकलेली, हे कुणी विचारत नाही. सभागृहात दोन बाजू बसल्या होत्या आणि दोन्हीकडच्या लोकांच्या मांडीवर कागदांच्या पिशव्या होत्या. आजोबांच्या शाळेचा दाखला, पणजोबांच्या नावाची महसुली नोंद, लॅमिनेशन करून आणखीच न वाचता येणारी झालेली कुठली तरी नक्कल. बोलणं नेहमीच्या वळणाने चाललं होतं. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक तरुण उठला, दातांच्या कॉलेजात शिकणारा. म्हणाला, "एवढे कागद कशाला? दात बघा. कोण कुठल्या वंशाचा हे दातांवरून कळतं. खरा आदिवासी कोण अन् खोटा कोण, एका दिवसात निकाल लागेल." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतले एक नाना चिडून मागे वळले, "दात काय रगतमाईन येतस का रे भो? भाकरीमाईन येतस!" त्यांनाही तेवढ्याच टाळ्या पडल्या.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे असं काही ऐकलं की गप्प घरी येणं मला जमत नाही. त्या दिवशी वेळ संपली म्हणून गप्प आलो. पुढे हाच वाद एका लग्नाच्या पंगतीत ऐकला, वरण-बट्टी वाढत असताना, आणि तिथेही दोन्ही पक्ष त्याच खुंट्यांना बांधलेले. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. समाजासमाजांच्या दातांत फरक असतात आणि त्यातले काही जन्माआधीच ठरतात, हे त्या तरुणाचं खरं. पण त्यावरून एका माणसाची जमात सांगता येत नाही. आज येत नाही आणि उद्या यंत्रं कितीही सुधारली तरी येणार नाही. नानांचं म्हणणं जबड्याला, झिजेला, किडीला लागू पडतं, दाढेच्या मूळ घडणीला लागू पडत नाही. दोघांनी अर्धं-अर्धं सत्य हातात घेतलं आणि त्याच्या जोरावर अख्खा निकाल मागितला.

तरुणाची बाजू आधी घेतो, कारण ती वाटते तेवढी लेचीपेची नाही. वरच्या पुढच्या दाताच्या मागून जीभ फिरवून पाहा. आपल्याकडच्या पुष्कळांना तिथे साधारण सपाट लागेल. चीन, जपान, कोरिया इथल्या बहुतेकांना आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना दोन्ही कडांना उभे कंगोरे लागतात, मधे खोलगट, फावड्यासारखं. ह्रडलिच्का या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९२० मध्ये या 'फावडी दातां'चं व्यवस्थित वर्णन केलं. त्याच्याही आधी, १८४२ मध्ये, व्हिएन्नाच्या काराबेली नावाच्या दंतवैद्याने वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला जिभेच्या अंगाने असणारा एक जादा उंचवटा नोंदवला होता. तो युरोपीय लोकांत जास्त आढळतो आणि आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. क्रिस्टी टर्नर यांनी तर दातांच्या अशा खुणा मोजून उत्तर आणि आग्नेय आशियातल्या लोकांचे दोन वेगळे नमुने मांडले आणि अमेरिकेत पहिली माणसं ईशान्य आशियातून गेली, या मताला दातांचा पुरावा दिला. म्हणजे हा काही कुडमुड्या जोशाचा धंदा नाही.

याचं कारणही आता काही अंशी कळलं आहे. एडार नावाच्या जनुकातला एक बदल पूर्व आशियात फार मोठ्या प्रमाणात आहे, आफ्रिका-युरोपात जवळजवळ नाही. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी तो उंदरांत घालून पाहिला तेव्हा केस जाड झाले, घामाच्या ग्रंथी वाढल्या, स्तनग्रंथींची रचना बदलली. माणसांत हाच बदल दात फावडी करतो. म्हणजे निसर्गाने निवड केली ती बहुधा दुसऱ्याच कशाची तरी; दातांचा आकार तिच्याबरोबर फुकटात आला. फावडी दात सपाट दातापेक्षा मजबूत नसतो, हुशार तर नसतोच. कुठल्या समाजाची 'प्रत' त्यावरून लावणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

आपल्याकडेही हे काम झालं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन ल्युकॅक्स, ब्रायन हेम्फिल यांनी महार, मराठा आणि माडिया गोंड समाजांतल्या लोकांच्या दातांची तुलना केली. महार हे महाराष्ट्राचे मूळ रहिवासी का, असा प्रश्नच १९९८ साली छापलेल्या त्यांच्या निबंधाच्या मथळ्यात होता. त्या तरुणाला हेच शिकवलं असणार. पण शिकवणाऱ्याने एक गोष्ट सांगितली नसावी, किंवा सांगितली तेव्हा हा वर्गाबाहेर असावा. असले अभ्यास समाजांच्या सरासऱ्यांची तुलना करतात. एका माणसाचं तोंड उघडून 'हा अमुक' असं म्हणणं हा वेगळाच प्रश्न आहे आणि त्याचं गणित पार वेगळं बसतं.

ते गणित करून पाहू. आकडे समजुतीपुरते माझ्या मनाचे. समजा, एका जमातीत शंभरातल्या तीस जणांना तो जादा उंचवटा आहे आणि शेजारच्या समाजात वीस जणांना. अभ्यासकाच्या दृष्टीने हा फरक चांगला घसघशीत. आता जमात एक लाखाची आणि शेजारचा समाज दहा लाखांचा धरा. उंचवटा असलेले जमातीत तीस हजार, शेजारी दोन लाख. उंचवटा सापडला म्हणून ज्याला 'खरा' म्हणाल, तो खरंच त्या जमातीचा असण्याची शक्यता साडेसातात एक. आणि उंचवटा नाही म्हणून जमातीतल्या सत्तर हजारांना तुम्ही घरी पाठवलेलं असेल ते निराळंच. कागद तपासणाऱ्या समितीने एवढ्या चुका केल्या तर आपण कलेक्टर कचेरीसमोर मंडप टाकून बसू.

यावर उत्तर येतं की एक खूण कशाला, वीस खुणा घ्या, शिवाय डीएनए आहे. वीस खुणांनी अंदाज सुधारतो, हे मान्य. एखाद्या बेवारस कवटीबद्दल 'पूर्व आशियाई असावी की युरोपीय' एवढं त्यावरून बऱ्यापैकी सांगता येतं. पण ते दोन टोकांचे प्रदेश झाले, मधे हजारो मैल. यावल आणि चोपडा यांच्यात किती मैल आहेत? तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठाने माणसं चार हजार वर्षांपासून नांगर धरून बसली आहेत. प्रकाश्याला तापी-गोमाईच्या संगमावर पुरातत्त्वज्ञ थापरांनी आणि गिरणाकाठी बहाळला म. न. देशपांड्यांनी पन्नाशीच्या दशकात खणलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या वस्त्या निघाल्या आणि त्यांतली खापरं कधी गुजरातेशी, कधी माळव्याशी, कधी खालच्या दख्खनेशी नातं सांगत होती. पुढे बऱ्हाणपूर-सुरतेचा रस्ता इथूनच गेला. अशा रहाटीच्या वाटेवर कुणाचं रक्त गाळणीतून गाळल्यासारखं निघेल?

हे नुसतं बोलण्यापुरतं म्हणत नाही. २०१३ मध्ये मूरजानी आणि सहकाऱ्यांचा भारतीय लोकसमूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथे दोन मोठ्या जुन्या लोकधारांची मिसळण झाली आणि त्यानंतर आपापल्यातच लग्नं करण्याची रीत घट्ट बसली, असा त्याचा निष्कर्ष. आणि एकटे राहिले असतील असं ज्यांच्याबद्दल वाटावं, त्या भिल्लांतही ती मिसळण सापडली. सातपुड्याच्या पूर्वेकडे कोरकू आहेत. त्यांची भाषा मुंडा कुळातली. मुंडा भाषा बोलणाऱ्या समाजांत वर सांगितलेला तो पूर्व आशियाई एडार बदलसुद्धा थोड्या प्रमाणात सापडला आहे. म्हणजे 'शुद्ध आदिवासी दात' शोधायला निघालेल्याच्या हाती आशियाभरच्या वाटाच लागणार.

मुळात अनुसूचित जमात हा शब्द जीवशास्त्राचा नाहीच. संविधानाच्या ३४२व्या कलमाखाली यादी निघते, ती राष्ट्रपतींच्या आदेशाने. पूर्वी त्या यादीत काही जमातींना प्रदेशाचं बंधन होतं. तालुक्याच्या शिवेच्या अलीकडे जमात, पलीकडे काही नाही. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने राज्यांतर्गत बंधन काढलं आणि पुष्कळ लोक यादीत आले. त्या दिवशी किती जणांच्या दाढा बदलल्या? जो प्रश्न कायद्याने आणि इतिहासाने घातला आहे त्याचं उत्तर तोंडात आरसा घालून मिळेल, असं वाटणं म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बरोबर का हे मातीची परीक्षा करून ठरवण्यासारखं आहे.

एक कबुली द्यायला हवी. शरीराकडे वळण्याचा हा मोह त्या तरुणाच्या डोक्यातून आपोआप निघालेला नाही. तो आपल्या व्यवस्थेने पेरला आहे. पडताळणीत 'आप्तभाव चाचणी' असते. देव कोणते, लग्न कसं लावता, मयताला काय करता, बोली कोणती, हे दक्षता पथक विचारतं. १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात 'मानववंशशास्त्रीय लक्षणं' हे शब्दही आहेत. पण त्याच न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये, महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात, आप्तभाव ही काही लिटमस चाचणी नव्हे, असं स्पष्ट सांगितलं. नातू पुण्यात फ्लॅटमध्ये वाढला आणि त्याला कुलदेवाचं गाणं येत नाही, म्हणून आजोबांचा दाखला खोटा होत नाही. जे गाण्याला लागू तेच दाढेला लागू.

हा खेळ आपण एकदा खेळून बसलो आहोत. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकं मोजली. नाकाच्या रुंदीचं उंचीशी प्रमाण काढायचं आणि ते जितकं कमी तितकी जात वरची, असा त्यांचा सिद्धांत. आकडे, तक्ते, दशांश चिन्हं, सगळं होतं. पुढे समाजशास्त्रज्ञ घुर्यांनी त्या मांडणीतल्या फटी दाखवल्या आणि १९४८ मध्ये बाबासाहेबांनी तेच नाकांचे आकडे उलटे फिरवले: हे मोजमाप खरं मानलं तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. त्यांनी मोजपट्टी हातात घेतली ती तिच्यावर विश्वास होता म्हणून नव्हे. ज्यांचा होता त्यांना दाखवायला घेतली. इरावती कर्व्यांची गोष्ट तर त्याहून बोलकी. १९२०-३० च्या दशकात त्या बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशरच्या हाताखाली. हा पुढे नाझींच्या वंशविज्ञानाचा मोठा खांब झाला. त्याची कल्पना अशी की युरोपीय माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू असमान असते आणि त्याचा त्याच्या श्रेष्ठ बुद्धीशी संबंध आहे. कर्व्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि परक्या देशात, आपल्याच मार्गदर्शकाला लेखी कळवलं, की वंशाशी याचा संबंध दिसत नाही. परत येऊन त्यांनी महाराष्ट्रभर माणसं मोजलीच. पण मोजमापाला काय विचारायचं आणि काय नाही, ते त्यांना ठाऊक होतं.

आता नाना. त्यांच्याविरुद्ध बोलणं मला जड जातं, कारण त्यांच्या तोंडून माझी आजीच बोलत होती. आमच्या अमळनेरकडच्या घरी कळण्याची भाकरी व्हायची, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून. गार झाली की चामड्यासारखी. आजी ती ठेच्याबरोबर दाढेखाली सावकाश रगडायची. आणि 'आजकालच्या पोरांचे दात वाकडे, कारण भाकरी नाही' या म्हणण्यात शास्त्र आहे. रॉबर्ट कोरुचिनी यांनी चंदीगडच्या डॉक्टरांबरोबर पंजाबातली खेड्यातली आणि शहरातली मुलं तपासली. १९८३ मध्ये ते छापून आलं. माणसं त्याच भागातली, पण मऊ खाणाऱ्या शहरी मुलांत दातांची रांग बिघडण्याचं प्रमाण जास्त. २००४ मध्ये हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या प्राण्यावर प्रयोग झाला: काहींना कडक खाणं, काहींना शिजवून मऊ केलेलं. मऊ खाणाऱ्यांच्या चेहऱ्याच्या खालच्या भागाची वाढ सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरली. दात किती मोठे होणार हे बरंचसं वारशाने ठरतं, जबडा मात्र चावून चावून वाढतो. जबडा लहान राहिला की अक्कलदाढेला जागा उरत नाही. नाना जिंकले?

इथपर्यंत जिंकले. पण चावण्याने जबड्याची लांबी वाढते, दाढेवरचे उंचवटे बदलत नाहीत. पहिली मोठी दाढ जन्माच्या सुमारास घडायला लागते आणि मूल तीन वर्षांचं होईतो तिचा मुकुट हिरडीच्या आत तयार असतो. भाकरीची आणि तिची गाठ पडते सहाव्या वर्षी. शिवाय भाकरीवाले एक गोष्ट सोयीने विसरतात. आजीच्या दाढा मला आठवतात त्या पाट्यासारख्या सपाट. जात्याला टाकी लावून आणली की पहिले काही दिवस पिठात कच यायची. पहिलं दळण गुरांना घालायचे, तरी दाताखाली कचकच व्हायचीच. वर्षानुवर्षं ती कच दात घासून काढत होती. त्यात सकाळी तव्यावर भाजलेली मशेरी, बोटाने, निवांत, जोत्यावर बसून. शेवटी तिच्या तोंडात नऊ दात होते. आम्ही पोरं ते मोजायचो आणि ती मोजू द्यायची. 'जुन्या लोकांचे दात मरेपर्यंत टिकायचे' असं म्हणताना आपल्याला टिकलेलेच आठवतात. गेलेल्यांचं आपण प्रेमाने बोळकं म्हणतो आणि हिशोबात धरत नाही. आणि फार मागे जायचं तर बलुचिस्तानातल्या मेहरगडला जा. ९,००० ते ७,५०० वर्षांपूर्वीच्या तिथल्या नऊ प्रौढांच्या तोंडात अकरा दाढा गारगोटीच्या टोकाने कोरलेल्या सापडल्या आहेत. ना मैदा, ना साखर, ना कोल्ड्रिंक. जवा-गव्हाची पहिली-पहिली शेती. तरी कुणाची तरी दाढ इतकी ठणकली असणार की त्याने जिवंतपणी ती कोरून घेतली.

रक्त आणि भाकरी यांच्या भांडणात तिसऱ्या गोष्टी राहूनच जातात. पाणी घ्या. अमेरिकेत कोलोरॅडोला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅके नावाचा दंतवैद्य गेला, तर गावच्या गाव तपकिरी डागांच्या दातांचं. हे त्या लोकांचं रक्तच असं, असं वाटायला हरकत नव्हती. पण मॅकेच्या लक्षात आलं की मोठेपणी गावात राहायला आलेल्यांना डाग पडत नाहीत आणि तिथे वाढलेल्या मुलांना पडतात, आईबाप कुठलेही असोत. १९३१ मध्ये कारण सापडलं: पाण्यातलं फ्लोराईड. आपल्या देशात नेल्लोरकडे हीच गोष्ट १९३७ मध्ये ओळखली गेली. रीतसुद्धा दात घडवते. पूर्वी सवाष्णी दातवण लावून दात मुद्दाम काळे करायच्या. एखाद्या परक्याने ते पाहून 'या देशी बायकांचे दात जातीनेच काळे' असं लिहिलं असतं तर आपण हसलो असतो.

आणि भूक. दाताचं कवच थरावर थर चढून बनतं आणि एकदा बनलं की पुन्हा दुरुस्त होत नाही. लहानपणी मोठं आजारपण किंवा उपासमार झाली तर तेवढ्या काळाचा थर पातळ पडतो आणि दातावर आडवी रेघ उमटते. पुढच्या दातांचा आणि सुळ्यांचा मुकुट पहिल्या सहा-सात वर्षांत घडतो. बहात्तरच्या दुष्काळात जे मूल दोन-तीन वर्षांचं होतं आणि सुकडीवर जगलं, त्याच्या सुळ्यावर आज पन्नाशी उलटल्यावरही ती रेघ असू शकते. ती भिल्लाच्या दातावर उमटते तशीच पाटलाच्या. फरक एवढाच की कुणाच्या घरी कणगीत दाणे होते.

दातांना शासनाने साक्षीला बोलावूच नये, असं मी म्हणत नाही. इंग्लंडात १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापड गिरणीत ठेवायला बंदी झाली, पण जन्मनोंदच नव्हती. आईबाप आणि मालक दोघेही वय फुगवून सांगायचे. आधी उंचीवरून अंदाज बांधत. मग १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने हजारावर मुलांची तोंडं तपासून पार्लमेंटला दाखवून दिलं की वयासाठी दात हे उंचीपेक्षा खात्रीचे. तिथे दात मुलाच्या बाजूने बोलले. पण त्यातही खाचखळगे आहेतच. क्ष-किरणावरून मुलांचं वय काढण्याची डेमिर्जियन यांची १९७३ ची पद्धत फ्रेंच-कॅनडियन मुलांवरून बसवलेली. ती भारतीय मुलांना जशीच्या तशी लावली तर वय जास्त निघण्याकडे कल दिसला, म्हणून इथल्यासाठी वेगळी सूत्रं बसवावी लागली. आपला २०१५ चा बालन्याय कायदाही आधी शाळेचा नाहीतर जन्माचा दाखला मागतो. वैद्यकीय चाचणी शेवटी, कागद नसेल तरच. लोकसमूहांतला फरक माहीत असण्याचा खरा उपयोग हा असा: परक्या मापाने आपल्या पोराचं वय दोन वर्षांनी वाढू नये.

शेवटी एक पाहिलेलं सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आश्रमशाळेत दंत तपासणी होती आणि मी मुलांची नावं लिहायला बसलो होतो. आलेले डॉक्टर भले गृहस्थ. दहा-बारा तोंडं पाहून म्हणाले, "या लोकांचे दात मुळातच चांगले असतात हो, निसर्गाची देणगी." कौतुकच होतं ते. पण त्यानंतर प्रत्येक मुलामागे लागणारा वेळ निम्म्यावर आला, हे मी घड्याळात पाहिलं. सहावीतला एक मुलगा गाल धरून उभा होता. खालची पहिली मोठी दाढ काळी पडून पोखरलेली. ही दाढ कुठलाही दात न पडता मागून निमूट येते, म्हणून घरोघरी तिला दुधाची समजतात आणि 'पडेल अन् दुसरी येईल' म्हणून सोडून देतात. दुसरी येत नाही. डॉक्टरांनी तक्त्यात लिहिलं, 'पुढील उपचारासाठी तालुक्याला न्यावे.' त्या तक्त्यात जमातीचा रकाना होता, तो सगळ्यात आधी भरलेला होता. मुलाने मला विचारलं, "सर, कोण नेईल?" मी अधीक्षकांकडे पाहिलं, त्यांनी डॉक्टरांकडे. तोवर पुढचा मुलगा तोंड उघडून बसला होता.